समुद्र उजव्या हाताला

आप्पांनी बॅग आल्याच्या आठवड्यातच भरून ठेवली होती. आखातातल्या मनामात, माहूजच्या आमच्या फ्लॅटमध्ये दाराशी चपलांचं कपाट आहे, त्याला टेकून ती उभी असायची, कुलूप लावलेली. रोजचे दोन सदरे आणि लेंगे तेवढे बाहेर. मी ऑफिसला जाताना तिला ठेचकाळायची, येताना ठेचकाळायची. एकदा चिडून ती उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. संध्याकाळी घरी आले तर बॅग पुन्हा दाराशी.

"आप्पा, कुणी हाकलून देतंय का तुम्हाला?"

"असू दे की. तुला काय ओझं हाय का तिचं?"

त्यांचा व्हिजिट व्हिसा पुढच्या शुक्रवारी संपत होता. वाढवून मिळतो, मी चौकशी करून ठेवली होती, फक्त त्यांनी हो म्हणायचं बाकी होतं. ते हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "बघू की," म्हणायचे आणि उठून बाल्कनीत जायचे. बाल्कनीतून स्वयंपाकघरात, तिथून परत बाल्कनीत. आई गेल्यापासून इस्लामपूरच्या घरात ते एकटे होते. गॅसवर दूध ठेवून विसरत होते, रात्रीच्या जेवणाला चहा-बिस्किटं खात होते, हे शेजारच्या काकूंनी मला कळवलं होतं. मला त्यांना त्या घरात परत जाऊ द्यायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते.

साधं नव्हतं ते एवढंच, की त्यांच्याकडे बघितलं की मला राग यायचा.

आईला गेल्या वर्षी ताप आला, मग खोकला, मग तिला सांगलीला दवाखान्यात हलवलं. हे सगळं चालू असताना मी इथून रोज फोन करत होते आणि फोन आप्पा उचलत होते. आई कुठंय? झोपलीय. बरी आहे ना? बरी हाय, तू जेवलीस का? मग एका सकाळी चुलतभावाचा फोन आला. मिळेल त्या विमानाने मी निघाले आणि पोचले ती सावडायच्या दिवशी. आईचं तोंड मी बघितलं नाही. दवाखान्यात नेल्याचं मला का कळवलं नाही, हे मी आप्पांना विचारलं नाही, कारण तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मला परतायचं होतं. रजा संपली होती. गाडी दारात आली, चुलतभावाने बॅग ठेवली. आप्पा आतल्या खोलीत कॉटवर बसून होते. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं. मी अंगणात थांबले. मग गेटशी थांबले. लग्न झाल्यापासून मी त्या घरातून निघाले आणि आप्पा गेटपर्यंत आले नाहीत असं कधी झालं नव्हतं. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी ते हात वर करून उभेच असायचे. मग आई म्हणायची, "चला आता आत, गेली ती." त्या दिवशी गेटवर दोघांपैकी कुणीच नव्हतं.

दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत आणि घरचे कुणी पोचवायला बाहेर येत नाहीत, हे मलाही माहीत आहे. लोक बसायला येतात, गप्प बसतात, आणि तसेच उठून पायात चपला सरकवून चालू लागतात. पण ते आल्यागेल्यांसाठी. मी काय आलीगेली होते? विमानात बसल्यापासून तो राग माझ्या डोक्यात बसला, तो त्यांना इथे बोलावून घेतलं तरी उठला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात आम्ही नेपल्सला जाणार होतो. ते अर्थातच राहिलं. पण तिथल्या एका रहिवाशाने लिहिलेली पायी फेरी मी मोबाइलवर उतरवून घेतली होती, ती तशीच होती. गाइड नको, बस नको, पर्यटक जात नाहीत त्या वस्त्यांमधून आपलं आपण चालायचं. सूचना थोड्याच होत्या. समुद्र उजव्या हाताला ठेवा. कपडे वाळत घातलेली गल्ली दिसली की तिच्यात शिरा. वाटेत जे तळत असतील ते खा. आणि म्हातारी माणसं रांगेने बसलेली दिसली की तुम्हीही बसा, ती जे पितात ते प्या. ऑफिसात डबा खाताना मी ते इतक्यांदा वाचलं होतं, की कधीही न पाहिलेल्या त्या शहराच्या मागच्या गल्ल्या मला तोंडपाठ झाल्या होत्या. आणि जिथे मी निम्मं आयुष्य काढलं त्या मनामाची, गुदैबियाच्या भारतीय वस्तीपलीकडची एकही गल्ली मला माहीत नव्हती. आम्ही इथले लोक एका पार्किंगमधून निघतो आणि दुसऱ्या पार्किंगमध्ये उतरतो. मधलं शहर काचेतून बघतो, तेही सिग्नल लाल असला तर.

शनिवार होता. नवरा मीना सलमान बंदरातल्या वर्कशॉपमध्ये शिफ्टला गेला होता. आप्पांच्या बाल्कनी-स्वयंपाकघर फेऱ्या सकाळपासून चालू होत्या आणि त्यांच्या चपलेचा फटफट आवाज माझ्या डोक्यात जात होता. मला स्वतःलाही एका जागी बसवत नव्हतं. कपड्यांच्या घड्या घालायला घ्यायच्या आणि अर्ध्यावर उठायचं. आम्हा दोघांच्याही पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि त्या दिवशी त्या दोन्ही भिंगऱ्या एकाच हॉलमध्ये फिरत होत्या.

"चला आप्पा, फिरायला जाऊ," मी म्हटलं. "नेपल्सला."

"कुठं?"

मी त्यांना ती फेरी वाचून दाखवली. त्यांनी कधी नव्हे ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. लेकीला विचारलं येतेस का, तर तिने फोनमधून मान वर न करता सांगितलं, "आजोबा, देअर्स नथिंग देअर. जस्ट ओल्ड बिल्डिंग्ज." तिला मराठी सगळं कळतं, उत्तर तेवढं येत नाही.

"आम्ही बी ओल्डच हाय की," आप्पा म्हणाले आणि चपला घालून दारात जाऊन उभे राहिले.

गुदैबियात गाडी लावायला जागा मिळेपर्यंत माझा निम्मा उत्साह संपला. एकदाची लावली. उन्हाळा अजून सुरू झाला नव्हता, ऊन उतरलं होतं आणि हवा चालण्यासारखी होती. किराणा दुकानांबाहेर कढीपत्त्याच्या जुड्या, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी मांडलेली. एका टपरीवजा हॉटेलात मेदूवडे तळत होते. फेरीच्या नियमाप्रमाणे आम्ही ते उभ्याने खाल्ले. आप्पांना आवडले, पण ते तसं म्हणाले नाहीत. त्यांची सगळी नोकरी वीज मंडळात झाली, त्यामुळे ते कुठल्याही गावात मान वर करूनच चालतात. इथे प्रत्येक खिडकीला एसी लटकलेला. "एवढा लोड," ते स्वतःशीच म्हणाले आणि भरभर पुढे निघाले.

मी मागे. मग मी पुढे आणि ते मागे. आम्हाला कुणालाच सावकाश चालता येत नव्हतं. कपडे वाळत घातलेली गल्ली शोधायला नकोच होती, सगळ्याच गल्ल्यांत कपडे होते. लुंग्या, वर्कशॉपचे निळे गणवेश, शाळेचे मोजे. मी नियमाप्रमाणे एकीत शिरले, मग दुसरीत.

"समुद्र कुठंय?" आप्पांनी विचारलं.

"उजव्या हाताला."

"दिसत तर न्हाई."

"आहे. तिकडे भराव घालून त्यांनी तो लांब ढकललाय."

"बेटावर राहतीस आणि समुद्र दिसत न्हाई," ते म्हणाले. पुढच्या वळणावर पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा. मला वाटलं त्यांना समुद्राचं काही नाही, फक्त मला टोचायचंय. मी विषय काढला. "आप्पा, व्हिसाचं काय करायचं? मला ऑफिसातून एक दिवस काढावा लागतो त्यासाठी."

"बघू की."

"काय बघायचंय अजून?"

ते एका मीटरच्या पेटीकडे बघत राहिले. मला ओरडावंसं वाटलं, पण गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती.

हूराची वस्ती ओलांडून आम्ही रास रुम्मानच्या जुन्या वस्तीत शिरलो. इथे भारतीय दुकानं विरळ झाली आणि बसकी, पांढऱ्या रंगाची घरं सुरू झाली. गल्ली एवढी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने थांबायचं. कुठूनतरी कुराणाच्या पठणाचा आवाज येत होता. तो इथे सगळीकडेच येत असतो, दुकानातून, गाडीतून, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. एक वळण घेतलं आणि मला हवं होतं ते दिसलं. उघड्या दाराचा एक मोठा हॉल, बाहेर भिंतीलगत खुर्च्या आणि त्यांवर पांढऱ्या झब्ब्यातले म्हातारे रांगेने बसलेले, हातात इवले इवले कप. अगदी फेरीत लिहिल्याप्रमाणे.

"बसा," मी आप्पांना म्हटलं. "इथली कॉफी प्या."

आप्पा दारात थबकले. त्यांनी आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मग काही न बोलता चपला काढल्या आणि एका खुर्चीवर टेकले. दोन्ही बाजूंचे म्हातारे त्यांच्यासाठी अर्धे उठले आणि पुन्हा बसले. मीही शेजारच्या खुर्चीवर बसले. पाय मोकळे केले. चहा-कॉफीची अशी जुनी जागा मला इतक्या वर्षांत कुणी सांगितली नव्हती याचं आश्चर्य करत होते, तेवढ्यात पस्तिशीतला एक माणूस वाकून हळूच म्हणाला, "सिस्टर, लेडीज उदर."

इथल्या हॉटेलांत फॅमिली सेक्शन वेगळा असतो, पडदे लावलेला. मी म्हटलं असेल तसंच. आप्पांना खुणेने 'बसा' म्हटलं आणि त्याने दाखवलेल्या बाजूच्या दारातून, पडदा सारून आत गेले. आत गालिचा होता आणि भिंतीला लावून गाद्या. बायका बसल्या होत्या. मला जागा करून दिली गेली. एका बाईने खजुराची थाळी पुढे केली. मी एक खजूर उचलला आणि तिला म्हणाले, "वन करक प्लीज. शुगर कम."

करक म्हणजे आपला दुधाचा कडक चहा. ती बाई क्षणभर बघत राहिली, मग शेजारणीशी काहीतरी बोलली. शेजारीण उठून आत गेली. थोड्या वेळाने चहा आला, वाफाळता, साखर कमी.

पहिला घोट घेतला आणि मग मला खोली दिसायला लागली. सगळ्या बायका काळ्यात होत्या, पण ते इथे रोजचंच. टिश्यूचा डबा हातोहात फिरत होता, ते रोजचं नव्हतं. समोर एका बाईला दोघींनी दोन्हीकडून धरलं होतं आणि ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती. गल्ला कुठेच नव्हता. पठण याच घरात चालू होतं.

चहा पिववेना आणि खाली ठेवताही येईना. कुणाच्या तरी घरात माणूस गेलं होतं आणि मी तिथे साखर कमीची ऑर्डर दिली होती. त्याहून वाईट म्हणजे त्यांनी ती पुरवली होती. मला एका शब्दाने न सांगता कुणीतरी स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी दूध तापवलं होतं. मला इतकी लाज वाटली की चहा तसाच गरम पिऊन टाकला. जीभ भाजली. शेजारच्या म्हातारीने माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. तिला वाटलं मी रडतेय, आणि थोड्या वेळाने मी खरोखरच रडायला लागले. आईसाठी मी इस्लामपुरात रडले होते ते घाईघाईने, मधेच उठून पाहुण्यांना पाणी द्यायला लागायचं. इथे मला कुणी ओळखत नव्हतं आणि पाणी द्यायचं काम दुसऱ्या कुणाकडे होतं.

डोळे पुसून उठले तेव्हा मला आप्पांची काळजी लागली. त्यांना अरबीचा एक शब्द येत नाही. काय करत असतील, कुणाला काय समजत असतील. धरून ठेवलेल्या त्या बाईपाशी गेले, तिचा हात दाबला, "सॉरी" म्हणाले आणि बाहेर पडले.

आप्पा तिथेच होते. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर जमिनीवर. आमच्याकडे मयताच्या घरी बसायला गेलेला माणूस बसतो तसे. त्यांना पहिल्या नजरेतच कळलं होतं आणि कळून ते बसले होते. मला बघून ते उठले. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला हात केला नाही, चपला सरकवल्या आणि चालू लागले.

आता इथली पद्धत मला ऑफिसमुळे माहीत आहे. निघताना घरच्या माणसाचा हात हातात घेऊन दोन सांत्वनाचे शब्द बोलायचे असतात. तसंच उठून जाणं म्हणजे पाठ फिरवणं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तो मघाचा माणूस गल्लीत आमच्या मागे धावत आला, हातात पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन.

"बाबा, क्या हुआ? हमारा कोई गलती?"

आप्पा वळले आणि त्याला बघून घाबरेच झाले. "अरे तुम बाहर क्यूँ आया? अंदर जाव, अंदर." ते दोन्ही हातांनी त्याला मागे सारायला लागले. तो बिचारा आणखी गोंधळला.

मी सांगायचा प्रयत्न करत होते, पण आप्पांनीच त्यांच्या वीज मंडळाच्या हिंदीत सांगितलं. "ऐसा है, हमारे गाँव में जिसके घर का आदमी गया, उधर से निकलते टाइम कुछ बोलते नहीं. 'आता हूँ' नहीं बोलते. बोला तो फिर ऐसे काम के लिए आना पडेगा. किसी के घर वैसा नहीं होना चाहिए. इसके वास्ते चुप निकलने का. और घरवाला छोडने को नहीं आने का."

तो माणूस ऐकत राहिला. मग त्याने आप्पांचा हात धरून आपल्या छातीशी लावला. "मेरा माँ था," तो म्हणाला.

आप्पांच्या तोंडावर काहीतरी झालं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, थोपटलं, आणि पुन्हा म्हणाले, "अब अंदर जाव." पण पाहुण्याला सोडायला येणं ही त्याची पद्धत होती. आप्पा त्याला मागे सारत होते आणि तो आमच्यामागे येत होता, असं करत गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तिथे तो थांबला आणि आम्ही वळेपर्यंत उभा होता. आप्पांनी मागे वळून बघितलं नाही. मी बघितलं.

गल्ली संपली ती हायवेवर. गाड्यांच्या रांगा धडधडत चाललेल्या, पलीकडे काचेच्या इमारती आणि दोन इमारतींच्या मधे निळसर करड्या पाण्याची एक पट्टी. अखेर समुद्र. रस्ता ओलांडायला जागा नव्हती. आम्ही कठड्याशी उभे राहिलो.

"आप्पा," मी म्हटलं, "मी काय बसायला आले होते का?"

"आं?"

"मी निघाले तेव्हा तुम्ही गेटपर्यंत आला नाहीत. मी काय पाहुणी होते? मी घरातली नव्हते?" मला वाटलं होतं मी शांतपणे विचारेन. तसं झालं नाही.

ते पाण्याच्या पट्टीकडे बघत होते. बोलले ते मला ऐकूच आलं नाही, मधून ट्रक गेला. "मोठ्याने बोला," मी म्हटलं. म्हणून जे त्यांना कदाचित हळूच सांगायचं होतं, ते त्यांना गाड्यांच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं.

"ती बोलव म्हणत होती तुला! दवाखान्यात नेलं त्याच दिवशी म्हणाली, पोरीला बोलवा. मी म्हटलं, बघू चार दिवस. उगं तिची रजा मोडंल, ती सगळी फिरायला जाणार हायत. रोज म्हणायची. मी रोज म्हणायचो, बघू की."

मी कठडा दोन्ही हातांनी धरला.

"रिवाज हाय तो खरा," ते म्हणाले. "पर रिवाज नसता तरी मी आलो नसतो. कुठल्या तोंडानं येणार होतो गेटपर्यंत?"

आई मला बोलवत होती. हे मला आतापर्यंत माहीत नव्हतं. इतके महिने मी समजत होते की सगळं अचानक झालं, कुणाला काही सुचलं नाही. ती रोज मागत होती आणि हा माणूस माझ्या नेपल्सच्या रजेची काळजी करत बसला होता. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की मी तशीच वळले आणि चालू लागले. भरभर. आलेल्या गल्लीने नाही, हायवेच्या कडेने. बऱ्याच वेळाने मागे बघितलं तर ते तिथेच कठड्याशी, पाण्याची बाटली हातात धरून. आपण आता कुठे जायचं हे माहीत नसलेला म्हातारा माणूस. मी परत गेले.

"चला," म्हटलं.

आठवडाभर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. जेवायला या, पाणी तापलंय. बुधवारी व्हिसाचं शेवटचं विचारलं, तेव्हा पहिल्यांदा ते 'बघू की' म्हणाले नाहीत. म्हणाले, "तिचं वर्षश्राद्ध आलंय. ते तिच्या घरातच व्हायला पायजे. मला गेलं पायजे." मी बरं म्हटलं. म्हणजे मी हरले होते. ज्या घरात दूध उतू जात होतं, त्याच घरात ते परत चालले होते.

आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मीही सोडायला आत जायचं नाही. विमानतळाच्या दाराशी गाडी थांबवायची, बॅग काढून द्यायची आणि निघायचं. त्यांनी मला गेटपर्यंत पोचवलं नाही, मीही नाही. फिट्टमफाट.

शुक्रवारी घरात सगळ्यांचा निरोप झाला. लेकीने "बाय आजोबा" म्हणून त्यांना मिठी मारली, ते अवघडून उभे राहिले. विमानतळ मुहर्रकला आहे, मधे पूल लागतो, आणि पुलावर दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. आप्पांनी काच खाली केली.

"हा बघ की," ते म्हणाले. "हितं हाय सगळा."

मी गाडी दाराशी लावली. ते उतरले, मागून बॅग स्वतःच काढली. "तू जा. हितं गाडी उभी करू देत न्हाईत," म्हणाले. आणि मग बॅग ओढत सरळ चालू लागले. काही बोलले नाहीत, मागे बघितलं नाही, पाठ ताठ. त्या दिवशी त्या परक्या घरातून निघाले होते अगदी तसेच. मी त्यांना पोचवायला येणार नाही हे त्यांनी ओळखलं होतं. ओळखून, मला सोपं जावं म्हणून, ते तसे चालले होते.

मी गाडी तशीच सोडून पळाले. मागे पोलीस ओरडायला लागला. आतल्या दाराशी मी त्यांना गाठलं आणि बॅगेचा दांडा धरला.

"असे काय निघालात, न बोलता? हे काय मयताचं घर आहे?"

त्यांनीही दांडा सोडला नाही.

"निघताना माणूस काय म्हणतं? म्हणा."

ते पुरते माझ्याकडे वळले. "येतो," म्हणाले.

"या," मी म्हटलं. "मी वर्षश्राद्धाला येते. मग दोघं मिळून परत येऊ. माझा राग गेलेला नाही, आप्पा. पण या."

त्यांनी मान हलवली. मी दांडा सोडला. काचेच्या दारातून ते आत गेले, रांगेत उभे राहिले, एकदा वळून बघितलं. मी हात वर केला आणि तसाच ठेवला. रांग पुढे सरकली, एका खांबाआड ते दिसेनासे झाले. मागून पोलीस "यल्ला, सिस्टर, यल्ला" करत गाडी हलवायला सांगत होता. चला आता आत, गेली ती, असं म्हणणारं माणूस नव्हतं, म्हणून मी जरा जास्तच वेळ तिथे उभी राहिले.